किल्ल्या आता माझ्याकडे आहेत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा गाडी बाबांच्या डोळ्यावरच गेली, म्हणून लिहिते. आमच्या नाटकाच्या शिवणखोलीची प्रमुख व्हायला मी हो म्हटलंय. सहीसुद्धा झाली. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नसेन. त्याच आठवड्यात आमच्या रंगीत तालमी आहेत.

रजा मागून पाहिली, खरंच. पण विंगेत अर्ध्या मिनिटात बदलायचा डगला अडकतोय, हे रंगीत तालमीतच कळतं. मग रातोरात बटणं नुसती दिसायला वर ठेवून खाली टिचबटणं लावायची. तेव्हा प्रमुखच जागेवर नसेल तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? हे कारण मी स्वतःला चार वेळा सांगून झालंय.

आई, मी दिवसभर मशीनवर वाकणार असं तुला वाटतंय. उलट आता शिवणं कमीच. डिझायनरचं चित्र आलं की ते कापडात कसं उतरेल ते कटरबरोबर ठरवायचं, कोणी काय कधी संपवायचं ते भिंतीवर लावायचं, ट्रायलला टाचण्या घेऊन उभं राहायचं. काल एका नटाला तलवार उपसल्यासारखा हात वर करायला लावला, तर काखेत टर्रकन फाटलं. बरं, तो मांजरपाटाचा कच्चा नमुना होता. खऱ्या कापडाला आता काखेत जादा तुकडा घालू.

आणि माया सढळ ठेवतो आम्ही. बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच, कारण तोच पोशाख उद्या दुसऱ्याला सैल करून द्यावा लागतो. तू माझ्या फ्रॉकच्या घेराला चार बोटं आत दुमडायचीस, आठवतं? दरवर्षी उसवलं की जुन्या दुमडीची गडद रेघ दिसायची, आणि मी ती दप्तराने झाकायचे. परवा नव्या मुलीला शिकवताना तोंडातून तुझंच वाक्य गेलं, “कापलेलं परत येत नाही गं.”

माझी काळजी नको. कापायचं टेबल कमरेइतकं उंच आहे, पाठ धरत नाही. रंगवायच्या खोलीत हवा ओढणारा पंखा आहे, मास्कही लावते. जेवण वेळेवर. झोप या महिन्यात कमी होईल, खोटं कशाला बोलू.

आता ऐका. बाबा, थेंब घालण्याआधी हात धुवायचे, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं थांबायचं. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही आणि कुंड्या हलवणं नाही. आई, तू लक्ष ठेव, ते “एकच” म्हणतील. दादा थांबणार आहे. तेवढे दिवस स्कूटरचा विषय नको.

प्रयोग सुरू झाले की कपड्यांची रोजची देखभाल कपडेपटवाले बघतात. मग मी चार दिवस येते. दुसऱ्या डोळ्याची तारीख मला विचारून घ्या. हे मात्र नक्की.

सोबतच्या डबीत वीस सुया ओवून ठेवल्यात, दहा पांढऱ्या, दहा काळ्या. आई, बाबांना पुन्हा ओवता येईपर्यंत पुरवून वापर.

तुमची,
मनू