जन्मतः निखळलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया वेगळी असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी वर्तमानपत्रांत जे लिहून येते, ते बहुधा उतारवयात झिजलेल्या सांध्याविषयी असते. रुग्ण दुसऱ्या दिवशी उभा राहतो, काही आठवड्यांत जिना चढू लागतो, हे वर्णन त्या रुग्णांच्या बाबतीत खरे आहे. परंतु ज्यांचा खुबा जन्मापासून निखळलेला आहे आणि जे त्याच पायावर तिशी-चाळिशीपर्यंत पोहोचले आहेत, त्यांनी त्यावरून स्वतःविषयी अंदाज बांधला तर त्यांची फसगत होते. मी अशा रुग्णांपैकीच एक असल्यामुळे हे लिहीत आहे.

अशा खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील मूळ वाटीत (खोलगट जागेत) नसतोच. तो वर सरकून कमरेच्या हाडाला टेकतो आणि कित्येकदा तिथेच खोटी वाटी तयार करतो. मूळ वाटी मात्र गोळ्याच्या दाबाअभावी लहान व उथळ राहते, मांडीच्या हाडातील पोकळी अरुंद असते आणि आजूबाजूचे स्नायू व नसा इतक्या वर्षांत आखूड झालेल्या असतात. नवी वाटी शक्यतो मूळ जागीच बसवावी लागते, म्हणजेच पाय काही सेंटिमीटर खाली आणावा लागतो. आणि तो एका वेळी सुमारे ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक लांबवला, तर कमरेतून पायात उतरणारी सायटिक नस ताणली जाऊन पाऊल लुळे पडण्याचा धोका वाढतो. म्हणून गोळा फार वर गेलेला असेल, तर सर्जन अनेकदा मांडीचे हाड कापून त्याचा एक तुकडा काढतात आणि पुन्हा जोडतात. हे हाड जुळून यायचे असल्याने पायावर पूर्ण भार देण्यासाठी बरेच आठवडे थांबावे लागू शकते. शिवाय कृत्रिम वाटी लहान बसवावी लागली की तिच्यातील गोळाही लहान येतो, आणि सांधा पुन्हा निखळण्याची शक्यता वाढते. गोळा किती वर सरकला आहे यावरून क्रो या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये चार श्रेणी सुचवल्या. आपला खुबा कोणत्या श्रेणीत बसतो, हे प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

दुसरी बाब वयाची. ‘अजून तरुण आहात, थांबा’ या सल्ल्याला आधार आहे, कारण कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात. तथापि थांबण्याचीही किंमत असते. तिरक्या चालीचा ताण कंबर आणि गुडघ्यावर पडत राहतो व काही रुग्णांचा त्याच बाजूचा गुडघा आत झुकत जातो. त्यामुळे निर्णय केवळ जन्मतारखेवरून न घेता वेदना किती आहे आणि रोजची कामे कितपत होतात, यावरून घ्यायला हवा. सांधा पूर्ण निखळलेला नसून फक्त वाटी उथळ असेल आणि कूर्चा (सांध्यातील हाडांवरचे गुळगुळीत आवरण) शाबूत असेल, तर वाटीभोवतीचे हाड कापून ती फिरवण्याची शस्त्रक्रिया करून स्वतःचा सांधा वाचवता येतो. कूर्चा झिजल्यावर ही संधी उरत नाही, हे तरुण रुग्णांना वेळेत सांगितले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

याउलट दोन्ही खुबे निखळलेले असूनही वेदना नसलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते. केवळ लंगडणे जावे म्हणून ती करून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की खुब्याचे स्नायू वर्षानुवर्षे दुबळे राहिलेले असतात आणि फिजिओथेरपीनंतरही चालीत थोडा दोष राहू शकतो.

आपल्याला विनंती आहे की, यापुढे खुब्याच्या शस्त्रक्रियेवर लेख छापताना सोबत एक लहानशी चौकट या रुग्णांसाठी द्यावी. सर्जनांनी असे वर सरकलेले खुबे किती वेळा हाताळले आहेत, मांडीचे हाड कापावे लागेल का, नसेला इजा झाल्यास पुढे काय, दोन्ही पायांच्या लांबीत किती फरक राहील, हे प्रश्न डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच विचारावेत, एवढे त्या चौकटीत असले तरी पुरेसे आहे.

आपली,
एक वाचक