चित्रातल्या घराला बीम नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी कळव्याला राहतो आणि ठाणे ते बेलापूर या पट्ट्यात घरांच्या फर्निचरची कामं घेतो. यंदा ३१ वर्षं झाली. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या शनिवारच्या पुरवणीत एआयकडून घराचं इंटिरियर करून घेण्याबद्दल पानभर मजकूर आणि चित्रं आली होती. माझ्या एका जुन्या पार्टीने त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, तुमचं अर्धं काम झालंच की आता!" त्या झालेल्या अर्ध्या कामाबद्दल लिहितो आहे.

नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत एका जोडप्याने रिसेलचा फ्लॅट घेतला. दोघंही नोकरीला, सोबत नवऱ्याची आई. मी साइट बघायला जायच्या आधीच व्हॉट्सॲपवर ४३ चित्रं आली. हॉलची ११, किचनची १४, बाकीची बेडरूम-बाथरूमची. रिकाम्या खोलीचा फोटो टाकायचा, काय हवं ते दोन ओळींत लिहायचं, अर्ध्या मिनिटात चित्र तयार. दिसायला देखणी, त्यात वाद नाही. मी रात्री जेवून चष्मा लावून एकेक बघितलं. ४३ चित्रांत एकही पंखा नव्हता.

नेरुळमध्ये, मे महिन्यात! स्विचबोर्ड नाही, एसीचा पाइप नाही, खिडकीला ग्रिल नाही, गॅलरीत कपड्यांची दोरी नाही. किचनमध्ये सिलेंडर नाही, फिल्टर नाही, कुकर ठेवायला जागा नाही. खिडकी जमिनीपासून छतापर्यंत काचेची आणि बाहेर झाडी. प्रत्यक्षात त्या खिडकीसमोर बारा फुटांवर शेजारच्या इमारतीचं किचन आहे आणि तिथल्या आजीबाई आपल्याकडे बघत भाजी निवडत असतात. देवघर सांगितलं होतं, तर एक सुंदर कोनाडा आला आणि समईच्या जागी जाड मेणबत्त्या.

माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला आहे, त्याने मला हे प्रकरण समजावून सांगितलं. मिडजर्नी, स्टेबल डिफ्युजन वगैरे २०२२ साली लोकांच्या हाती आलं. या यंत्राला कोट्यवधी फोटो आणि त्याखालचं लिखाण दाखवलेलं असतं. चित्र काढताना ते ठिपक्यांच्या नुसत्या गोंधळापासून सुरू करतं आणि तो गोंधळ थोडा थोडा साफ करत, आपण लिहिलेल्या शब्दांना शोभेल असं काहीतरी बाहेर काढतं. म्हणजे सोफा कसा 'दिसतो' ते त्याला ठाऊक, सोफा किती इंचाचा ते नाही. दाखवलेल्या फोटोंत परदेशातली घरंच जास्त असावीत, त्याशिवाय पंखे असे गायब होणार नाहीत.

सुताराच्या डोळ्याला आणखी दिसतं. एका वॉर्डरोबच्या शटरला, म्हणजे दाराला, दोन्ही कडांना हँडल होतं. मग बिजागरी कुठे लावू? बेडच्या मागचं पॅनल साडेदहा फूट, अखंड, कुठे सांधा नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारी प्लायवूडची शीट ८ बाय ४, वरचं सनमायकाही ८ बाय ४. सांधा येणारच. तो कुठे घ्यायचा, पट्टी मारून लपवायचा की उघड दाखवायचा, यालाच आम्ही डिझाइन म्हणतो. चित्रात तो प्रश्नच पुसून टाकलेला.

आता बीम. हॉल आणि गॅलरी यांच्या मधोमध आडवा बीम आहे. स्लॅबची उंची मी टेपने घेतली, ९ फूट २ इंच. बीमखाली ८ फूट १ इंच. चित्रात बीम नाहीच, छत सपाट, कडेने लपवलेले लाइट. तसं सपाट फॉल्स सीलिंग करायचं तर बीमच्याही खाली उतरावं लागतं, म्हणजे ७ फूट ११ इंच. त्याखाली पंखा, लहानात लहान दांडी लावली तरी पाती सात फुटांच्या आत. घरमालक जवळजवळ सहा फूट उंच. मी त्यांना पंख्याच्या जागेखाली उभं केलं आणि म्हटलं, टी-शर्ट काढतो तसे हात वर करा. त्यांनी केले, वर बघितलं, आणि सपाट सीलिंगचा विषय तिथेच संपला.

सोफ्याचा विषय मात्र संपेना. चित्रात एल आकाराचा सोफा, सहा माणसांचं डायनिंग टेबल, टीव्ही युनिट, आणि वर दोन माणसं नाचतील एवढी मोकळी जागा. हॉल आहे १० फूट बाय साडेचौदा. ताई म्हणाल्या, "काका, आमच्याच हॉलचा फोटो टाकलाय, मग बसणार नाही कसं?" फोटो मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला होता. त्यात खोली मुळातच ताणलेली दिसते, वर त्या यंत्राने समोरची भिंत आणखी मागे ढकललेली. हे तोंडाने सांगून पटत नाही. मी खालच्या दुकानातून दोन किलो रद्दी आणली. त्यात तुमचाही पेपर होता, राग नसावा. टेप धरून सोफ्याच्या मापाचे कागद जमिनीवर पसरले, ८ फूट आणि साडेसहा फूट. मग टेबलाचे, ५ बाय ३. खुर्ची मागे ओढून माणूस बसायला दोन्हीकडे दोन-दोन फूट. टीव्ही युनिटचे १६ इंच. कडांना चिकटपट्टी मारली, पंखा बंद केला (जुना पंखा होता घरात, सुदैवाने).

मग ताईंना म्हटलं, दारातून आत या आणि कागदावर पाय न देता किचनमध्ये जा.

सोफ्याचा आडवा भाग गॅलरीच्या दारात अर्धा फूट घुसत होता. टेबलाच्या खुर्च्या आणि टीव्ही युनिट यांच्यामध्ये वाट उरली वीस इंच. ताई आडव्या होऊन सरकत गेल्या. मग सासूबाई उठल्या. त्यांचा गुडघा दुखतो, त्या काठी घेऊन चालतात. त्या टेबलाच्या कागदापर्यंत आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि सिलेंडरवाला?" कोणी काही बोललं नाही. घरमालकाने स्वतः वाकून दोन खुर्च्यांचे कागद उचलले. अर्ध्या तासाने सहाचं टेबल जाऊन भिंतीला दुमडणारं अडीच फुटांचं टेबल आलं आणि एलचा सरळ सोफा झाला.

बाथरूमचं थोडक्यात सांगतो. चित्रात कमोड समोरच्या भिंतीला गेला होता. मैल्याचा पाइप चार इंची, सहा फूट लांब न्यायचा तर त्याला दोनेक इंच उतार हवा, आणि त्या जुन्या इमारतीत खोलगट स्लॅब फक्त संडासाखाली. म्हणजे लादी सहा-सात इंच वर घ्या आणि खालच्या मजल्याशी गळतीवरून जन्मभर भांडा. नको म्हणाले.

ओपन किचनचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. १४ पैकी १४ चित्रांत किचनची भिंतच नव्हती, आणि नऊमध्ये कोपऱ्यातला कॉलमही नव्हता. यंत्राला तो कॉलम म्हणजे नजरेच्या आड येणारी वस्तू, काढून टाकली. साडेचार इंची विटेची भिंत बहुतेक वेळा काढता येते, पण ते मी ठरवत नाही आणि फोनही ठरवत नाही. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा कागद हातात आल्याशिवाय माझा माणूस हातोडा उचलत नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली इमारत पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामाकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. त्या आठवड्यात माझं मुलुंडला काम चालू होतं. माझे दोन कारागीर दुसऱ्या दिवशी साइटवर आल्यावर आधी भिंतीला हात लावून उभे राहिले, हे मी विसरलेलो नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला नवीन काही नकोच. तसं नाही. जोगेश्वरीच्या एका कारखान्यात मी कामाला लागलो तेव्हा पार्टीला कॅटलॉगमधला चार इंची तुकडा दाखवून "भिंतभर असंच दिसेल" म्हणायचो, आणि भिंतभर कधीच तसं दिसायचं नाही. गडद अक्रोडी रंग तुकड्यात श्रीमंत वाटतो, आठ फुटी वॉर्डरोबला लावला की खोली गुहा होते. आता माझा मुलगा माझ्याच साइटच्या फोटोत फक्त वॉर्डरोबवर खूण करतो, बाकी खोली जशीच्या तशी ठेवतो आणि पाच शेड पाच चित्रांत दाखवतो. त्याच सासूबाईंनी, ज्यांना विचारलं की "तुम्हाला आवडेल ते" एवढंच म्हणायच्या, तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून "हा" म्हटलं. माझं तीन हजारांचं सनमायका वाया जायचं वाचलं. रंगाला, मनातलं सांगायला ही वस्तू फार चांगली आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. नेरुळच्या या जोडप्याने माझ्या आधी एका डिझाइनरला पैसे दिले होते. त्याने आठ चित्रं दिली आणि त्यांना 'थ्रीडी' म्हटलं. थ्रीडी हा आमच्या धंद्यातला जुना शब्द. स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रत्येक भिंत इंचात उभी करायची, दारं-खिडक्या मापाने बसवायच्या, मग त्याला रंग-उजेड द्यायचा. चार-पाच दिवस जायचे, पण त्या चित्रामागे ड्रॉइंग असायचं आणि मी सुताराला ते छापून द्यायचो. या आठ चित्रांमागे काहीच नव्हतं. मी त्या डिझाइनरला फोन करून एलेव्हेशन, म्हणजे भिंतीचं समोरून काढलेलं मापांचं ड्रॉइंग, मागितलं, तर म्हणाला, "चित्रावरून अंदाज घ्या ना काका." अंदाजाने मी भाजीत मीठ घालीन, पण लाखाचं प्लाय कापणार नाही. घरमालकांना चित्र आणि चित्र यांतला फरक कळायचं कारण नव्हतं, दोन्ही सारखीच चकचकीत.

म्हणून आपल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे की, ॲडव्हान्स द्यायच्या आधी तीन कागद मागा. मापं घातलेला प्लॅन, प्रत्येक भिंतीचं एलेव्हेशन आणि विजेच्या पॉइंटांचा नकाशा. खाली काम करणाऱ्याची सही. चित्रं हवी तेवढी घ्या, फुकट मिळतात. आणि आपल्याला विनंती, पुरवणीत अशी चित्रं छापाल तेव्हा त्याखाली बारीक अक्षरांत का होईना 'हे खऱ्या खोलीचं छायाचित्र नाही, मापं घेतलेली नाहीत' एवढी ओळ टाकावी. साबणाच्या जाहिरातीखाली असते तशी.

नेरुळचं काम गेल्या सोमवारी सुरू झालं. किचनची भिंत अजून उभी आहे, इंजिनीअरचा कागद यायचा आहे. सासूबाईंनी गॅलरीत दोरीसाठी चार हुक ड्रॉइंगवर लिहून घेतले आणि शेजारी आपल्या हाताने 'नक्की' असं लिहिलं. काम झाल्यावर पुरवणीसाठी फोटो हवा असल्यास जरूर पाठवीन. पंख्यासकट.

आपला,
एक फर्निचर कंत्राटदार, कळवा (ठाणे)
(नाव व पत्ता कार्यालयाकडे कळवला आहे.)