अंतर एक, वेळा दोन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी जाणाऱ्यांसाठी रविवारच्या पुरवणीत आपण जो तक्ता छापला, त्यात ‘मुंबई-न्यूयॉर्क : १२,५०० किमी, १५ तास’ असे आहे. अंतराबद्दल तक्रार नाही. वेळ मात्र एकाच आकड्यात भागत नाही. जाताना साधारण सोळा तास लागतात, येताना चौदा-साडेचौदा. आपण बहुधा दोन्हींची सरासरी काढलीत, आणि ती कुठल्याच बाजूच्या प्रवाशाच्या उपयोगाची नाही.

कारण वारा. विमाने ज्या उंचीवरून जातात तिथे जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये ऐन वादळात ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

याहून बोलके उदाहरण आपल्याच एअर इंडियाचे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ पासून ते पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० किमी झाले आणि वेळ दोनेक तासांनी घटला! जाताना पूर्वेकडे, परततानाही पूर्वेकडे. म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणाच. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे भूगोलाच्या तासाला मुलांना पटवून देताना मला फार मजा येत असे.

तक्त्याशेजारच्या नकाशाबद्दलही लिहायला हवे. त्यावर मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेघ मारली आहे, ती अरबस्तान आणि सहारावरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा : सर्वांत जवळची वाट रशिया, नॉर्वे, आइसलँड अशी पार उत्तरेकडून निघते. आपले १२,५०० किमी हे त्या वाटेचे आहेत, नकाशावरच्या रेघेचे नव्हेत.

त्या वाटेनेही नेहमी जाता येतेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. दोन शहरे होती तिथेच राहिली, तास वाढले.

तेव्हा पुढच्या वेळी जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी छापावी, आणि ती थेट विमानाची की मधला थांबा धरून, तेही सांगावे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, ही टीपही हवी. मुंबईहून रात्री दोनला निघून न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरणार असे वाचले की पुष्कळजण साडेपाच तासांचा प्रवास धरतात. हिवाळ्यात त्यात साडेदहा तास मिळवावे लागतात, उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे केल्यामुळे साडेनऊ. मुलांकडे एकटे निघालेले आईवडील गोळ्यांच्या वेळा याच हिशेबाने डॉक्टरांना विचारून ठरवतात, म्हणून एवढे लिहिले.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा