दुसरा डबा पाठवतोय

मालवण, सोमवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

कुडाळला गाडी हलली तेव्हा तू हात केला नाहीस. मीही केला नाही. घरी आलो तर आई म्हणाली, "चेडवाक कित्याक इतक्या बोल्लात?" आणि खोकत आत गेली.

तिचा दमा मला कळतो गं. बुरशी धरलेला निगेटिव्हचा डबा तिच्या खाटेखाली ठेवायला नको होता, ते तुझं खरंच. आता तो माडीवर, कोरड्या कपाटात हलवलाय. पण "एकदा कॉपी झाली की हे सगळं टाकून देऊ" असं तू म्हणालीस आणि माझा ताबा सुटला. एवढी वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातलं हातात उरलंय ते हेच. गौरी नुकत्या गेल्या होत्या, घर भरलेलं होतं, सगळ्यांसमोर तुला बोललो. चुकलं माझं.

निगेटिव्हचे कॅमेऱ्याने फोटो काढून कॉपी करायचं तुझं काम मी बघत होतो. पहिल्या दिवशी तू माझा दाढीचा आरसा मागितलास तेव्हा मला कळेना कशाला. फिल्म ठेवायच्या जागी तो आडवा ठेवलास, आणि वरच्या कॅमेऱ्यात लेन्सचं प्रतिबिंब नेमकं मधोमध येईस्तोवर स्टँड हलवत राहिलीस. तसं आलं की कॅमेरा आणि फिल्म समांतर. डार्करूममध्ये फोटो मोठे करायचा एनलार्जर सरळ करायला मी स्पिरिट लेव्हल घेऊन अर्धा अर्धा तास घालवायचो, मला हे कधी सुचलं नाही. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

काम करताना पंखा बंद ठेव, कॅमेराही हलतो आणि धूळही बसते. दोन सेकंदांचा टायमर लावच. खोलीत अंधार हवा, लाइट पॅनलचा उजेड तेवढा पुरे. चमक नसलेली दिसते ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची बाजू, तिला बोट लागता कामा नये. आणि बुरशीच्या पट्टीला पाणी लावू नकोस. बुरशीने त्या थरातलं जिलेटिन पोखरलं की ते पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. एखाद्या पट्टीला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेव. वेगळी ठेव, टाकू नकोस.

बघ, शिकवायला बसलो. तुला हे सगळं येतं. राग मानू नकोस.

काल 1989 चं पाकीट उघडलं. दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतायत, तू ओल्या वाळूत फ्रॉक वर धरून उभी. भिंगातून पाहिलं. आजोबांचा चेहरा बुरशीने अर्धा खाल्लाय, नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटलीय त्यावर. दोरीवरचे हात मात्र शाबूत आहेत, नखांतली वाळूसुद्धा दिसते. त्यांचा दुसरा एकही फोटो आपल्याकडे नाही, ते कॅमेऱ्यासमोर उभेच राहायचे नाहीत. कॉम्प्युटरवर ती नक्षी पुसता येईल म्हणतेस. जरूर पूस. पण मूळ पट्टी आहे तशी राहू दे.

काकांनी कुवेतहून आणलेल्या, कोडाक्रोम नावाच्या रंगीत फिल्मच्या स्लाइड बघ. लाल अजून लालच आहे. ती फिल्म कोडॅकने 2009 मध्ये बंद केली आणि 2010 संपता संपता ती धुऊन देणारी शेवटची लॅबही थांबली. आता तशी स्लाइड जगात कुठेच नव्याने होणार नाही. टाकलेली परत कुठून आणायची?

वेदच्या बारशाचे फोटो आठवतात? हार्डडिस्क एका रात्रीत गेली आणि तू दोन दिवस जेवली नाहीस. ती जखम उकरायला लिहीत नाही. पण बारशाची निगेटिव्ह असती तर, हे मनातून जात नाही. म्हणून कॉपी दोन तरी कर, एक घरी आणि एक दुसऱ्या कुणाकडे. आणि पट्ट्या नकोशा झाल्या तर मला परत पाठव, आईपासून लांब ठेवीन.

रात्री जागून करू नकोस. पावसाळा पुन्हा यायला अजून वेळ आहे.

शेजारचा मुलगा गुरुवारच्या गाडीने येतोय, त्याच्याकडे दुसरा डबा देतो. प्रत्येक पट्टी नव्या बटर पेपरात घातलीय, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. आईने वर कोकमं दिलीत, ती वेगळ्या पिशवीत आहेत. रापणीची पट्टी सगळ्यात वर ठेवलीय. आरसाही डब्यातच आहे, जुन्या पंच्यात गुंडाळून. मी दाढीला दुसरा आणलाय.

तुझा,
बाबा