अनोळखी कीटक व पक्षी यांच्या नोंदींबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अनोळखी कीटक किंवा पक्षी ओळखीसाठी गटात पाठविताना छायाचित्रासोबत तारीख, वेळ, जागा आणि तो कशावर बसला होता हे अवश्य लिहावे, कारण नुसत्या छायाचित्रावरून पुष्कळदा कुळापलीकडे जाऊन नेमकी जात ओळखता येत नाही.

कीटकाचे छायाचित्र वरून आणि बाजूने, असे दोन्ही घ्यावे. फुलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कीटक दिसला की ‘गांधीलमाशी’ असे लिहून आपण मोकळे होतो. परंतु जवळून पाहिल्यास अनेकदा पंखांची एकच जोडी, मोठाले डोळे आणि आखूड स्पर्शिका (डोक्यावरच्या मिशा) दिसतात, आणि ती केवळ गांधीलमाशीचे रूप घेऊन बचाव करणारी, नांगी नसलेली फुलमाशी निघते. खऱ्या गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. एवढा एक तपशील टिपला, तरी ओळख पटविणाऱ्यांचे निम्मे काम होते.

पक्ष्याच्या बाबतीत रंगावर फार विसंबू नये, कारण उन्हाची तिरीप बदलली की रंग फसवितो आणि बऱ्याच जातींत नर, मादी व पिल्ले निरनिराळी दिसतात. त्याऐवजी चिमणी, कबूतर किंवा कावळा यांच्या तुलनेत आकार, चोचीची ठेवण व शेपटीची हालचाल नोंदवावी. आवाज ध्वनिमुद्रित करता आल्यास उत्तमच.

ओळखीची खात्री नसल्यास अंदाजाने नाव देऊ नये, नोंदीत ‘अनोळखी’ असेच लिहावे.

छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाऊ नये, तसेच केसाळ सुरवंटांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, ही आग्रहाची विनंती आहे.