व्यक्तिरेखा मोडून आणलेली वळणे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मराठी मालिकांविषयी नियमित मजकूर येत असतो. या आठवड्यात टीआरपीत कोण पुढे गेले, कोणत्या कलाकाराने मालिका सोडली, नव्या प्रोमोत काय दिसले, हे सगळे त्यात वाचायला मिळते. मात्र एखाद्या मालिकेतले वळण पटले की नाही, आणि पटले नसेल तर कथेत नेमके कुठे बिघडले, याची चिकित्सा नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या परीक्षणात जशी होते तशी मालिकेच्या वाट्याला येत नाही. 'आभाळमाया'च्या काळापासून मालिका मन लावून पाहणारी एक प्रेक्षक म्हणून त्या चिकित्सेला हातभार लावावा, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, मालिकेतल्या एखाद्या माणसाविषयी आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट वळणामुळे समोर आली तर प्रेक्षक ते वळण आनंदाने स्वीकारतो. परंतु वळण आणण्यासाठी त्या माणसाचा स्वभावच बदलून टाकला, तर इतकी वर्षे जिला आपण ओळखत होतो ती व्यक्ती गेली कुठे, असा प्रश्न त्याला पडतो आणि त्याचे मन त्या कथेतून उठते. चित्रपटातल्या पात्राशी आपली ओळख दोन-अडीच तासांची असते, तर मालिकेतल्या पात्राशी ती रोज रात्री जेवणाच्या वेळी थोडीथोडी वाढत जाते. शेकडो भागांनंतर अमुक प्रसंगी ही बाई गप्प बसेल की बोलेल, हे घरातल्या आजीपासून शाळकरी मुलीपर्यंत सगळ्यांना आधीच कळलेले असते. मालिकेची खरी पुंजी ही ओळखच असते.

याचे माझ्या मनाला सर्वांत लागलेले उदाहरण म्हणजे शुभ्रा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये तेजश्री प्रधान यांनी उभी केलेली ही सून मराठी मालिकांतल्या सुनांच्या नेहमीच्या साच्यात बसणारी नव्हती. सासऱ्यांच्या धाकात आणि मुलाच्या लाडात स्वतःला विसरून गेलेल्या सासूला, आसावरीला तिने बोलते केले, आणि घरातल्या घरात विरोध होत असतानाही अभिजित राजे यांच्याशी तिचे लग्न व्हावे म्हणून ती ठामपणे उभी राहिली. सुनेने विधवा सासूचा संसार पुन्हा मांडून द्यावा, ही कल्पना निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या अभिनयामुळे जितकी गोड झाली, तितकीच ती शुभ्राच्या स्पष्टवक्तेपणामुळे खरी वाटली. नवरा सोहम, म्हणजे सगळ्यांचा बबड्या, चुकला तर त्याला तोंडावर सांगणारी घरात तीच एक होती.

मार्च २०२१ मध्ये ही कथा 'अग्गंबाई सूनबाई' या नावाने काही वर्षांची झेप घेऊन पुढे सुरू झाली, तेव्हा आसावरी कंपनीचा कारभार पाहू लागली होती आणि शुभ्रा मात्र घरात, मुलाच्या मागे, घाबरून खाली मान घालून वावरणारी झाली होती. नवऱ्याचे बाहेर प्रकरण सुरू असताना तिला त्याचा संशयही येऊ नये, इतके तिला भाबडे करण्यात आले. विषय म्हणून यात वावगे काहीच नाही. लग्नापूर्वी धीट असलेली मुलगी बाळंतपणानंतर हळूहळू स्वतःवरचा विश्वास गमावते, नोकरी सोडते, चारचौघांत बोलायला कचरते, हे आपण आजूबाजूच्या घरांत पाहतो, आणि त्यावर फार चांगली मालिका होऊ शकली असती. पण ती पडझड कशी झाली हेच तर पाहण्यासारखे होते, आणि नेमकी तीच वर्षे लीपमध्ये गडप झाली. शुभ्रा कोणत्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसली, तेव्हा आसावरी कुठे होती, ज्या सुनेने आपल्याला उभे केले तिची ही अवस्था तिच्या नजरेतून सुटलीच कशी, यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. म्हणून ते वळण मला शुभ्रावर झालेला अन्याय वाटला, आणि आसावरीवरही तो तितकाच झाला.

काही जण म्हणतील की शुभ्राच्या भूमिकेतली कलाकार या दुसऱ्या मालिकेत बदलल्यामुळे प्रेक्षक नाराज झाले. मला ते पटत नाही. याच मालिकेत रवी पटवर्धन यांच्या निधनानंतर आसावरीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आजोबांच्या भूमिकेत मोहन जोशी आले आणि पटवर्धनांची आठवण मनात ठेवूनही प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये रसिका सुनील यांच्या जागी ईशा केसकर शनाया झाल्या, पुढे पुन्हा रसिका सुनील परतल्या, आणि या सगळ्या काळात शनाया मात्र शनायाच राहिली. तिचा आळस, पैशांचा सोस आणि विवाहित प्रियकर गुरुनाथला बोटावर नाचवण्याची हातोटी तसूभरही ढळली नाही. चेहरा बदलला तर दोन-चार दिवस चुकल्यासारखे वाटते आणि मग डोळे सरावतात. स्वभाव बदलला तर डोळे सरावत नाहीत.

याच्या अगदी उलट बाजूला मी 'तुला पाहते रे'मधला विक्रांत सरंजामे ठेवीन. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा चर्चा सगळी वयाच्या अंतराची होती. चाळिशीतला उद्योगपती आणि चाळीत राहणारी विशीतली ईशा निमकर यांच्या प्रेमाला घरचे कसे तयार होणार, एवढाच प्रश्न समोर होता. नंतर उलगडले की हा सुसंस्कृत, हळुवार बोलणारा विक्रांत म्हणजे मूळचा गजेंद्र पाटील, आणि सरंजाम्यांची संपत्ती हाती यावी म्हणून पहिली बायको राजनंदिनीचा जीव घेणाराही तोच. धक्का मोठा होता, पण मागे वळून पाहिले तर पटणारा होता. सुबोध भावे यांनी विक्रांतच्या सौजन्यात पहिल्यापासून एक मोजूनमापून बोलणे ठेवले होते आणि त्याच्या विश्वासू झेंडेंची थंड नजर ईशाला कधी आपली मानत नव्हती. आपण ते सगळे पाहिले होते, फक्त त्याचा अर्थ वेगळा लावला होता. विक्रांत बदलला नाही, आपल्याला तो उशिरा कळला.

मात्र त्याच मालिकेने ईशाच्या बाबतीत जे केले ते मला आजही खटकते. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या, एका पैशाचीही लबाडी सहन न होणाऱ्या बापाची ती मुलगी. नवऱ्याच्या वागण्यातली विसंगती तिने स्वतःच्या डोळ्यांनी टिपावी, कागदपत्रे तपासावीत, एक एक धागा जोडत सत्यापर्यंत पोहोचावे, यासाठी तिच्या स्वभावात सगळी सामग्री आधीच होती. त्याऐवजी तिला राजनंदिनीचा पुनर्जन्म ठरवण्यात आले. पुनर्जन्मावर कोणाचा विश्वास आहे की नाही, हा इथे मुद्दाच नाही. शिल्पा तुळसकर यांनी राजनंदिनी इतक्या तन्मयतेने साकारली की पूर्वकथेचे ते भाग मी मन लावून पाहिले. पण त्यामुळे विक्रांतला गाठणारी बुद्धी, धैर्य आणि राग हे सगळे राजनंदिनीच्या खात्यावर जमा झाले आणि निमकरांची ईशा स्वतःच्याच कथेत पाहुणी होऊन बसली.

वळणावाचूनही प्रेक्षक खिळून राहतो, हे 'रात्रीस खेळ चाले'ने दाखवून दिले आहे. २०१६ मधला पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाला होता. २०१९ मध्ये दुसऱ्या भागाने काळ मागे नेला, तेव्हा अण्णा मरणार हे पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही लोकांनी तो डोळ्यांत तेल घालून पाहिला, कारण माधव अभ्यंकर यांचा अण्णा मिशीला पीळ देत दारात उभा राहिला की त्या घरातल्या बायकांचा श्वास कसा अडकतो, ते पाहायचे होते. अण्णांची बायको माई सगळे जाणून चुलीपुढे बसून राहायची, त्यांची प्रेयसी शेवंता पायरीपायरीने त्या वाड्याच्या जवळ येत होती, आणि घरगडी पांडूचे 'इसारलंय' ऐकून हसू आले तरी हा काय काय पाहून विसरला असेल, या विचाराने मन चरकत असे. अपूर्वा नेमळेकर यांच्या शेवंतेचा राग यावा की तिची कीव यावी, यावर आमच्या घरात जितका वाद झाला तितका कोणत्याही खुनाच्या रहस्यावर झाला नाही.

'आई कुठे काय करते'विषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथे दोन्ही प्रकार एकाच मालिकेत आढळतात. मूळ कथा बंगालीतल्या 'श्रीमोयी'ची, हे खरे. तरी मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पूर्णपणे मराठी घरातली होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात तिला नवरा अनिरुद्ध आणि संजना यांचे प्रेमसंबंध कळतात, हे वळण जोरकस होण्याचे कारण त्याआधीच्या साध्यासुध्या भागांत होते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारी, प्रत्येकाच्या चहात साखर किती हे लक्षात ठेवणारी, मुलांनी आणि नवऱ्याने 'तुला काय कळतं' म्हटले की ओशाळून हसणारी अरुंधती आपण महिनोन्महिने पाहिली होती. म्हणून ती कोसळली तेव्हा आपणही हललो. आणि ती लगेच वाघीण झाली नाही, हे लेखिकांचे मोठे यश होते. घटस्फोट घेऊन 'समृद्धी' या सासरच्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत ती कितीदा मागे फिरली, कितीदा अनिरुद्धची औषधे काढून ठेवायला तिचा हात पुढे झाला. कांचनचेही तसेच. आधी मुलाची बाजू घेणारी ही सासू सुनेकडे झुकत गेली ती इतक्या धिम्या गतीने, आणि अधूनमधून पुन्हा जुन्या वळणावर जात, की तो बदल आपल्या ओळखीच्या एखाद्या काकूंमध्ये घडतो आहे असे वाटे. माणसे बदलतात, हे कोण नाकारेल? त्यांना बदलायला वेळ आणि कारण मिळाले पाहिजे. मिलिंद गवळी यांचा अनिरुद्ध तर शेवटपर्यंत स्वतःला चुकीचा मानायला तयार नव्हता, आणि त्याच हेकेखोरपणामुळे तो खलनायकापेक्षा कितीतरी अधिक खरा झाला.

अशा अरुंधतीने मोठ्या मुलांची आई असताना आशुतोष केळकरशी लग्न करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मराठी मालिकेने फार मोठे पाऊल उचलले होते. त्या संसारात पुढे काय अडचणी येतात, उतारवयाकडे झुकलेली दोन माणसे एकमेकांच्या सवयी कशा सांभाळतात, हे दाखवायला भरपूर वाव होता. आशुतोषचा अपघाती मृत्यू घडवून तो वाव संपवण्यात आला आणि कथा पुन्हा अनिरुद्धच्या, म्हणजे देशमुखांच्या घराभोवती फिरू लागली. अपघात कोणाच्याही आयुष्यात होऊ शकतो, हे मान्य. परंतु हा अपघात त्या पात्रांच्या वागण्यातून आला नव्हता, तो बाहेरून आणला होता. पहिल्या धक्क्यातून अरुंधती स्वतःच्या बळावर सावरली, या दुसऱ्या धक्क्याने मात्र तिला फक्त सोसायला लावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालिका संपली तेव्हा मला हळहळ वाटली ती त्या न दाखवलेल्या संसाराची.

रहस्य लांबवण्याबद्दल थोडक्यात. २०१२ मधल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'मध्ये घना आणि राधा यांनी घरच्यांपासून लपवलेला लग्नाचा करार हाच कथेचा गाभा होता, आणि तो उघडा पडल्यावर काय होते हे दाखवून मालिका त्याच वर्षी संपली. 'ठरलं तर मग'मध्येही सायली आणि अर्जुन करारानेच एकत्र येतात, जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांच्यामुळे ती जोडी मला मनापासून आवडते. पण किल्लेदारांची हरवलेली मुलगी तन्वी म्हणजे सायलीच, हे प्रेक्षकांना ठाऊक असताना प्रिया त्या नावाने त्यांच्या घरात दीर्घ काळ वावरत राहिली. अर्जुन हा निष्णात वकील आहे. दुसऱ्यांच्या खटल्यात बारीकसारीक पुरावा हेरणारा माणूस घरातल्या उघड विसंगतीपाशी इतका काळ कसा अडतो? रहस्य टिकवण्यासाठी हुशार पात्राला अधूनमधून आंधळे करणे, हेही स्वभाव मोडणेच आहे. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचे गरोदरपण लांबले तेव्हा तिची चेष्टा झाली, वास्तविक त्यात तिचा काय दोष होता?

रोजच्या रोज भाग देणाऱ्या लेखकांवर किती ताण असतो, याची मला जाणीव आहे. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चालू ट्रॅक गुंडाळून नवा सुरू करावा लागतो, रविवारच्या महाएपिसोडसाठी काहीतरी मोठे घडवावे लागते, आणि कलाकाराच्या तारखांप्रमाणे पात्राला गावी पाठवावे लागते. हे सगळे सांभाळूनही ज्यांनी अरुंधती, माई आणि विक्रांत घडवले, त्यांच्याकडूनच अपेक्षा करता येते. वाहिन्यांना माझी विनंती आहे की लीप घ्यायची असेल तेव्हा त्या गाळलेल्या वर्षांत पात्राचे काय झाले, हे पुढच्या काही भागांत तरी नीट उलगडून दाखवावे, आणि मालिकेचा शेवट महिनाभर आधी ठरवून पात्रांना शोभेल असा लिहावा.

आपल्याला विनंती एवढीच की, आपल्या रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एखाद्या चालू मालिकेच्या कथेचे परीक्षण छापावे. नाटकाची जाण असलेल्या समीक्षकाने त्या महिन्याचे भाग सलग पाहून संवाद, पात्रांची वाढ आणि वळणांची संगती यांविषयी परखडपणे लिहावे, आणि लेखकाचे नाव ठळकपणे द्यावे. अभिनेत्यांना आम्ही चेहऱ्याने ओळखतो, पण आमच्या संध्याकाळी ज्यांच्या शब्दांवर जातात ते पटकथाकार आणि संवादलेखक आम्हाला श्रेयनामावलीत क्षणभर दिसतात आणि निघून जातात.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, डोंबिवली