पातेल्याच्या जागी काय बसवायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

घरफोडीची सूचना देणाऱ्या यंत्रणांच्या तिन्ही खोक्यांचे बाबांनी पाठवलेले फोटो मिळाले. फोनच केला असता, पण परवा फोनवर काय झालं ते माहीतच आहे. मी 'हॉलमध्ये एक कॅमेरा असू दे' एवढंच म्हटलं, तर आईने 'म्हणजे मी गाऊनवर केर काढतेय ते तू ऑफिसात बसून बघणार' असं म्हणून फोन बाबांच्या हातात दिला. म्हणून लिहितेय. पत्रात निदान मधे कुणी बोलत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत की यातलं कुठलं माणूस न बोलावता बसवता येईल. तिन्ही येतील. मागच्या दाराला खुर्ची टेकवून तिच्या काठावर पातेलं तोलून ठेवणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार? 1853 साली अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने चोरघंटेचं पेटंट घेतलं, त्याची कल्पना तुमच्याहून फार वेगळी नव्हती: दार उघडलं की विजेचं सर्किट पूर्ण होतं आणि हातोडी घंटेवर आपटत राहते. तुमचं पातेलं एकदाच आपटतं आणि मग मनी त्यात जाऊन बसते.

पण मागच्या वेळी मी राहायला आले होते, त्या रात्रीचं सांगते. दोनच्या सुमाराला पातेलं धाडकन पडलं. मी अंथरुणात उठून बसले. तुम्ही कूस बदललीत, 'मनी असेल' म्हणालात आणि लगेच घोरायला लागलात. मनीच होती. पण नसती तरी तुम्ही तेच म्हणाला असतात, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कुठली यंत्रणा घ्यायची याचा मी जो काही विचार केलाय तो त्या 'मनी असेल'पासून सुरू होतो.

माझ्याकडेही तेच झालं, तुम्हाला सांगितलं नव्हतं. हौसेने हालचालीचा सेन्सर आणला आणि खिडकीच्या बरोबर समोर लावला. हा सेन्सर चित्र बघत नाही, तो उष्णता बघतो. त्याच्या नजरेचे पट्टे पाडलेले असतात. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात काहीतरी गरम सरकलं की तो समजतो माणूस आला. दुपारी पडदा उन्हाने तापायचा, वाऱ्याने हलायचा, आणि मी मीटिंगमध्ये असताना घरात सायरन. तीनदा झालं. चौथ्या वेळी शेजारच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'आज किती वेळ चालणार आहे?' मी ते सगळं बंद करून टाकलं आणि दोन महिने बंदच ठेवलं. दारावर यंत्रणा असल्याचा स्टिकर मात्र होता.

खरं तर सेन्सर बिचारा चांगला होता, जागा चुकली. तो खिडकीकडे किंवा हीटरकडे तोंड करून लावायचा नाही. कोपऱ्यात, दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, आणि असा की येणारा त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा त्याला उशिरा कळतो. आणि बाबा, खिडकीच्या आत बसवून त्याला बाहेरचं अंगण राखायला सांगू नका. शरीराची उष्णता काचेतून त्याच्यापर्यंत पोचत नाही, काच त्याला भिंतीसारखीच.

आता तुमची तीन खोकी. चार कॅमेऱ्यांचं जे आहे, ते तुम्हाला सगळ्यात भारी वाटतंय हे तुम्ही फोटो काढताना ते मधोमध ठेवलंत त्यावरून कळलं. मला ते नको वाटतं. कॅमेरा काय झालं ते दाखवतो. हालचाल दिसली की फोनवर सूचनाही पाठवतो. पण झाडाची फांदी, पाकोळी, गाडीच्या दिव्याचा झोत, सगळ्याच्याच पाठवतो, आणि आठवड्याभरात तुम्ही त्या सूचना बंद कराल. पुन्हा 'मनी असेल'. दार उघडलं गेलंय हे ठामपणे सांगायला दारावरचा चुंबकाचा सेन्सर लागतो. बोटाहून बारीक काचेच्या नळीत दोन पातळ पात्या, जवळ चुंबक असेपर्यंत चिकटलेल्या, चुंबक लांब गेला की सुटलेल्या. 1936 साली बेल प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवूडने शोधलेली ही वस्तू, अजून तिच्याहून साधं काही कुणाला सुचलेलं नाही. फांदी हलून ती वाजत नाही आणि ऊन पडूनही वाजत नाही.

स्वस्तातलं ते सुटं खोकं, ज्यात प्रत्येक दाराला आपापला छोटा भोंगा आहे, ते तुम्ही हसण्यावारी नेलंत. मी नाही नेणार. त्यात चुंबक, बॅटरी आणि भोंगा, बस. इंटरनेट नाही, ॲप नाही. पण तुम्ही दोघं बाहेर असलात तर ते रिकाम्या घरात ओरडत राहील आणि मला कळणार नाही. त्यातले दोन नग न्हाणीघराच्या खिडकीला आणि माळ्याच्या दाराला चालतील.

घ्यायचं ते तिसरं: एक हब, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप जिथे येतात तो मुख्य डबा, दारं-खिडक्यांचे सेन्सर, आकड्यांची बटणं असलेला कीपॅड, सायरन. मात्र विकणाऱ्याला काही गोष्टी विचारा, आणि 'हो हो, सगळं आहे' एवढ्यावर परत येऊ नका. हबला स्वतःची बॅटरी आहे का आणि सिमकार्ड बसतं का? वीज गेली की आपला राउटर मरतो, आणि राउटरच्याच जिवावर असलेली यंत्रणा त्याच्याबरोबर मुकी होते. इंटरनेट नसताना सायरन वाजतो का? एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली किंवा कुणी तो उचकटला, तर हबला ते आपण होऊन कळतं का? जुन्या धाटणीचे 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारे स्वस्त सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत. पडले तरी हबला पत्ता नसतो. शिवाय अशा बऱ्याच संचांचे रिमोट दरवेळी तोच कोड पाठवतात, जो कुणी हवेतून टिपून पुन्हा पाठवू शकतो आणि यंत्रणा बंद करू शकतो. दोन्ही बाजूंनी बोलणारे आणि संदेश सांकेतिक करून पाठवणारे घ्या.

कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून निश्चिंत राहू नका, हेही बाबांसाठीच. गूगलच्याच कुटुंबातल्या नेस्ट कंपनीने 2017 मध्ये नेस्ट सिक्युअर नावाची यंत्रणा आणली, गूगलने 2020 मध्ये ती विकणं थांबवलं आणि एप्रिल 2024 मध्ये तिची सेवाच बंद केली. लोकांच्या भिंतीवरचे धडधाकट सेन्सर कंपनीच्या सर्व्हरशिवाय निरुपयोगी झाले. म्हणून दरमहा पैसे भरले नाहीत तर नेमकं काय काय बंद पडतं, ते आधी वाचा. बारीक अक्षरात असतं, चष्मा घेऊन जा.

आता आईचा मुद्दा. मला वाटत होतं की तुला तंत्रज्ञानाचा कंटाळा आहे म्हणून तू अडतेस. मग मला मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या बाईंबद्दल कळलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या नर्स. त्यांच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, त्यामुळे त्या बऱ्याचदा घरात एकट्या असत, आणि बोलावलं तरी पोलीस लवकर यायचे नाहीत. 1966 मध्ये नवराबायकोनी मिळून पेटंटचा अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मिळालं: दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, दार लांबूनच उघडायचं बटण आणि धोक्याची सूचना द्यायचं वेगळं बटण. घरातल्या कॅमेऱ्याची ही पहिली यंत्रणा मानतात. आई, त्यांचा कॅमेरा दाराबाहेर बघत होता आणि पडदा त्यांच्या स्वतःच्या हाताशी होता. मी नेमकं उलटं मांडत होते. कॅमेरा तुमच्यावर आणि पडदा माझ्या खिशात. चोरांचं नाव पुढे करून मला तुम्ही दोघं बरे आहात ना, ते बघायचं होतं. त्यासाठी मी रोज रात्री फोन करीन.

तेव्हा कॅमेरा एकच, पुढच्या दाराबाहेर, आणि त्याचा पडदा हॉलमध्ये तुझ्या खुर्चीपाशी. काचेच्या आत ठेवायचा नाही, नाहीतर रात्री त्याचाच अदृश्य प्रकाश काचेवरून परत येऊन सगळं पांढरं दिसतं. पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ढिगाने ताब्यात घेतले होते. बाबा, आपल्या घराचा नंबर आणि पुढे एक-दोन-तीन, असला पासवर्ड चालणार नाही. होय, मला माहीत आहे.

रोजच्या वापराचं थोडं. रात्रीसाठी 'घरी' नावाचा प्रकार लावायचा, त्यात दारं-खिडक्या जागी आणि हालचालीचे सेन्सर झोपलेले असतात, म्हणजे बाबा रात्री तीनदा उठले तरी गावभर बोंब होणार नाही. बाहेरून आल्यावर कोड दाबायला साधारण अर्धा मिनिट मिळतं. आईचा गुडघा, हातातली पिशवी आणि किल्ली शोधण्याची तिची पद्धत बघता ते पूर्ण मिनिटावर न्या. कीपॅडला 'जबरदस्तीचा कोड' असेल तर चांगलं: कुणी धमकावून बंद करायला लावलं तर तो दाबायचा, यंत्रणा बंद झाल्यासारखी दिसते आणि मला निरोप येतो. आणि याच हबला जोडता येणारा धुराचा सेन्सर मिळाला तर तो आधी घ्या, हालचालीचा नंतर.

पैसे द्यायच्या आधी एक मोजमाप करून कळवा. प्रत्येक दार-खिडकी बंद असताना चौकट आणि पल्ला यांत किती अंतर राहतं ते. दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की बरेचसे चुंबक पकड सोडतात. मागचं दार पावसाळ्यात फुगतं, तेव्हा त्याचं माप दोनदा घ्या, नुसतं लोटून आणि कडी घालून. फोटोत पट्टी दिसू दे, अंदाज नको.

तुमची,
धाकटी

ता. क. मनीचं वजन कळवा. हालचालीच्या सेन्सरवर 'इतक्या किलोपर्यंतचा प्राणी चालेल' असं लिहिलेलं असतं. बाबांनी काट्यावर एकदा तिला घेऊन आणि एकदा एकट्याने उभं राहायचं. वजाबाकी आईने करावी.